शिक्षकांना सुट्ट्या फार आणि काम कमी, हे खरं आहे का?

प्रश्न असा विचारलाय: "शिक्षकांना दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, वर दिवसाला जेमतेम सहा तास काम. तरी कामाच्या ताणाची तक्रार कशी काय करतात? आणि लोकांना याचा राग आला तर त्यांचं चुकलं काय?"

आधी मी कोण ते सांगतो. मी शिक्षक नाही, राज्य सरकारच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. बायको जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नानंतर कित्येक वर्षं दर मे महिन्यात मीच तिला "तुमची मजा आहे बुवा" असं ऐकवायचो. एका मे महिन्यात ती वैतागली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "मोजा."

मोजलं. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शाळेला वर्षात रविवार सोडून जास्तीत जास्त 76 सुट्ट्या घेता येतात. दिवाळी, उन्हाळा, सणवार, जयंत्या, मुख्याध्यापकांच्या हातातल्या सुट्ट्या, सगळं त्या 76 मध्ये. तिच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीखालीही हाच आकडा असतो. त्यात 52 रविवार मिळवले की 128.

आता माझं. 29 फेब्रुवारी 2020 पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार मिळून 104. त्यावर सार्वजनिक सुट्ट्या. शनिवार-रविवारी येऊन वाया जाणाऱ्या वगळल्या तरी वीसच्या आसपास राहतात. म्हणजे 124. चार दिवसांचा फरक! पाच दिवसांचा आठवडा शाळांना लागू नाही, तिची शनिवारी सकाळची शाळा असते, हे मला रोज दिसत होतं. पण दोन्ही गोष्टी एका कागदावर कधी मांडल्याच नव्हत्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान बरोबरी तरी झाली असती. पण मला वर्षाला 30 दिवस अर्जित रजा मिळते. 1 जानेवारीला 15, 1 जुलैला 15 खात्यावर पडतात. नाही घेतल्या तर 300 पर्यंत साठतात आणि निवृत्तीच्या वेळी त्यांचे पैसे मिळतात. शिक्षक मात्र 'दीर्घ सुट्टी विभागा'तले. मे महिन्याची सुट्टी मिळते म्हणून त्यांना ही रजा आमच्यासारखी नाही. म्हणजे ज्या सुट्टीवरून लोक बोट दाखवतात, तिची किंमत त्यांच्या रजेच्या खात्यातून आधीच कापून घेतलेली असते. घरात लग्न जुलैत असलं तर मी आठ दिवस रजा टाकतो. ती किरकोळ रजा मोजत बसते.

तासांचंही तसंच. आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा जाता आठवड्याला 40 तास. शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास धरतो, त्यात पाठाच्या तयारीचा वेळ आला. कायद्याने तिच्याकडून माझ्यापेक्षा पाच तास जास्त मागितलेत. शाळेची घंटा साडेदहा ते पाच, म्हणून बघणाऱ्याला तेवढेच तास दिसतात. बाकीचे तास आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर होतात. तो पुरावा मी देऊ शकतो, कारण टेबल माझंही आहे आणि ते मला कधी मोकळं मिळत नाही.

एक दिवस मी रजेवर होतो, तिची गाडी बंद पडली म्हणून तिला शाळेत सोडायला गेलो आणि दुपारपर्यंत थांबलो. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, 47 मुलं हजर. पहिली-दुसरी एका खोलीत तिच्याकडे. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन ती दुसरीच्या वजाबाकीकडे वळली, तेवढ्यात स्वयंपाकीण मावशी दारात, "बाई, तांदूळ." पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 4 किलो 700 ग्रॅम. ते वजन करून द्यायचं, साठ्याच्या वहीत लिहायचं, शिजलं की मुलांआधी स्वतः चव घ्यायची, चव नोंदवहीत सही करायची, जेवलेल्या मुलांचा आकडा ॲपवर भरायचा. परत वर्गात येईपर्यंत पहिलीतला एक जण दुसरीच्या पाटीवर बसून रडत होता. मधल्या सुट्टीत ती जेवली का? मुलांना वाढताना उभ्याउभ्या दोन घास. माझ्या जेवणाच्या अर्ध्या तासात माझ्या टेबलाजवळ कुणी फिरकलेलं मी खपवून घेत नाही.

संध्याकाळी ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा) निरोप: "अतितात्काळ. आजच माहिती द्यावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." यूडायसवर (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर) माहिती, मुलांच्या आधारमधल्या नावांचा घोळ, शिष्यवृत्तीचे अर्ज. दिवसा सर्व्हर चालत नाही, म्हणून रात्री अकराला लॅपटॉप उघडायचा. (लिपिक म्हणून सांगतो, यातलं निम्मं काम आम्हा लिपिकांचं आहे. दोन शिक्षकी शाळेला कारकून नसतो, म्हणून ते दुसरीच्या बाई करतात.)

आता सुट्टीचं. माझ्या मते खरी गंमत इथे आहे आणि या वादात ती कुणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं द्यायला बंदी केली, पण तीन वाटा मोकळ्या ठेवल्या: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्याआधी 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की शिक्षकांना मतदार यादीची आणि निवडणुकीची कामं सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, एरवी शिकवण्याच्या वेळेत देऊ नयेत. मुलांच्या बाजूने बघितलं तर निकाल अगदी योग्य. शिक्षकाच्या बाजूने अर्थ एवढाच, की कामं कमी झाली नाहीत, ती सुट्टीत ढकलली.

2024 चा मे घ्या. लोकसभेचं मतदान महाराष्ट्रात 19 एप्रिल ते 20 मे असं पाच टप्प्यांत झालं, शेवटचे तीन टप्पे शाळांच्या सुट्टीत. हिचं केंद्र 13 मेच्या टप्प्यात. आधी दोन प्रशिक्षणं, त्यातलं एक रविवारी. 12 तारखेला सकाळी साहित्य ताब्यात घेऊन एसटीने केंद्रावर, रात्री तिथल्याच शाळेच्या फरशीवर मुक्काम, पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान (यंत्र तपासायला घेतलेलं चाचणी मतदान), सातपासून संध्याकाळी सहापर्यंत मतदान, मग यंत्रं सील करून फॉर्म भरून परत जमा. घरी आली तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मला एकाने विचारलंच, "काय भाऊसाहेब, वहिनींना सुट्टी लागली ना? मजा आहे!"

हे वाचून तिला सुट्टीच मिळत नाही असा अर्थ काढू नका. मिळते. मे महिन्यात सलग दोन-तीन आठवडे ती घरी असते आणि मला तिचा हेवा वाटतो, आजही. शिक्षक मंडळी "आम्हाला सुट्टीच नसते" असं जेव्हा छातीठोकपणे लिहितात तेव्हा ती स्वतःचीच बाजू पातळ करतात. शिवाय उशिरा येणारे, वर्गात मोबाइल बघत बसणारे शिक्षक आहेतच. ते कुणी नाकारलं तर मी हसेन. पण त्यांचा इलाज सुट्टी कापणं नाही. जो शाळेच्या दिवशी शिकवत नाही, तो मे महिन्यात काय शिकवणार?

मग लोकांना राग का येतो? मला वाटतं, कारण ही सुट्टी दिसते. माझ्या 124 सुट्ट्या वर्षभर भुरुभुरु पडतात, कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. तिच्या एकगठ्ठा, तेही आधी जाहीर होऊन. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. शाळा बंद झाली की मूल घरी आणि आई-बाप कामावर. आजी-आजोबा जवळ नसतील तर पाच-सहा आठवडे त्या मुलाचं करायचं काय, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या आईला खरोखर रडवतो. तिचा राग समजण्यासारखा आहे, पत्ता मात्र चुकलाय. सुट्टी मुलांची असते. त्या दिवसांत मुलांना सांभाळायची सोय गावात किंवा कामाच्या ठिकाणी नसते, आणि शिव्या मात्र बाईंना.

आणि हा सगळा वाद सरकारी पगार घेणाऱ्यांभोवतीच फिरतो. विनाअनुदानित शाळांतल्या तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकांना तर सुट्टीतही नव्या प्रवेशांसाठी घरोघर फिरवतात. त्यांच्या सुट्ट्यांचा हिशोब मला कुणी विचारलेला नाही.

तो कॅलेंडरचा कागद आमच्याकडे अजून आहे, फ्रिजवर चिकटवलेला. परवा आमच्या आस्थापना शाखेतून माझ्या अर्जित रजेचा उतारा आणला: 214 दिवस. तिच्या सेवापुस्तकात 11. सुट्टीत काम केलं तर त्या प्रमाणात रजा जमा होते असा नियम आहे, म्हणून हे 11 तरी दिसतात. 13 मे त्यांत धरलेला नाही. त्याचा प्रस्ताव तिने दोनदा दिलाय, दुसऱ्यांदा मी टाईप करून.