माजी पत्नीने लिंगबदल केल्यास पोटगी थांबते का?

नाही, माजी पत्नीने आता पुरुष म्हणून कायदेशीर ओळख घेतली आहे, एवढ्याच कारणाने सोलापूरच्या न्यायालयाने घटस्फोटावेळी हिंदू विवाह कायद्याखाली ठरवलेली तुम्ही तिला देत असलेली मासिक पोटगी आपोआप बंद होत नाही. त्या कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी पती किंवा पत्नी कोणालाही मागता येते. आदेश बदलण्यासाठी परिस्थितीतील बदल, पुनर्विवाह अशी कारणे त्यात दिली आहेत, लिंगबदलाचा उल्लेख नाही. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्यानुसार जिल्हाधिकारी देतात ते प्रमाणपत्र ओळख बदलते, न्यायालयाचा हुकूमनामा (निकालाचा आदेश) नव्हे. मात्र आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असेल, तर ती तरतूद पती-पत्नींपैकी फक्त पत्नीलाच पोटगी देत असल्याने युक्तिवादाला जागा राहते. न्यायालय आदेश बदलेपर्यंत हप्ते परस्पर थांबवू नका. थकबाकी वसूल होते, म्हणून आदेश देणाऱ्या न्यायालयातच बदलासाठी अर्ज करावा.