आठ मार्कांनी राहिलेल्या पोरीला

पोरी,

तुझा मेसेज वाचला. परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना इथं द्यावी लागते ती एफएमजीई परीक्षा आठ मार्कांनी राहिली म्हणून दार लावून बसू नकोस. ३०० पैकी १५० लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि बहुतेक वेळा चार-पाच जणांतला एखादाच निघतो गं. बाहेर शिकलेले डॉक्टर म्हणजे कच्चे असं मला अजिबात वाटत नाही, अमेरिकेत तर साधारण दर चौथा डॉक्टर दुसऱ्या देशात शिकून आलेला आहे, परीक्षा त्यांनाही चुकत नाही.

यावेळी पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, आधी घे. त्याचे ३० प्रश्न येतात आणि नेमकं तेच तुम्हाला तिकडं शिकवत नाहीत, आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, टीबीचा कार्यक्रम, आशाताईंचं काम वगैरे. नुसतं पाठ करू नकोस, जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी जाऊन बस, डोक्यात पक्कं बसतं.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. तिकडं पेशंट रशियन बोलायचे, तू लांब उभी राहायचीस, हे तूच मागं सांगितलंस. म्हणजे हिस्टरी घ्यायचा, पेशंटला विचारून आजाराची माहिती काढायचा, हातच बसलेला नाही. आणि आपल्या सोलापुरात तर मराठीवरही भागत नाही, पूर्व भागातली आजी तेलुगू बोलणार, अक्कलकोटकडचा माणूस कन्नड. मी इंटर्न असताना खोकल्याची एक बाई तीनदा आली, मी तिन्ही वेळा सिरप लिहून दिलं, काम काय करता हे विचारलंच नाही कारण मला तेलुगू येत नव्हतं. ती बिड्या वळायची, दिवसभर तंबाखूच्या धुळीत. चौथ्यांदा ती आलीच नाही. अजून आठवते ती मला.

म्हणून 'कधीपासून' हे तिन्ही भाषांत विचारायला शीक, तेलुगूत एप्पटिनुंची, कन्नडात यावागिंद. आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ ला चीनला गेले तेव्हा तिथं तेही बाहेर शिकलेलेच डॉक्टर होते ना, त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि १९४२ ला वारेपर्यंत तिथल्याच लोकांना तपासलं. एकदा त्यांच्या स्मारकात जाऊन ये.

पास झालीस की प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, मग वर्षभर इंटर्नशिप, ते पुढचं पुढं बघू. रविवारी सकाळी नऊला दवाखान्यात ये, माझ्या शेजारी स्टूल ठेवतो, पेशंटला आधी तू विचारायचं, मी मधे बोलणार नाही. आईला सांग जेवायला आमच्याकडंच आहेस.

तुझा काका