गिनी फाऊलची अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवून २२ दिवस झाले, एकही फुटलं नाही. फेकून द्यावी का? आणि मशीन कोणतं चांगलं?

फेकू नका! कोंबडीला २१ दिवस लागतात, गिनीला २६ ते २८. मशीन बंद करायचं नाही अन् घरातल्या कुणालाही करू द्यायचं नाही.

हे शेवटचं मुद्दाम लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलात मी मित्राच्या शेतावरून २० अंडी आणून थर्माकोलच्या पेटीत ठेवली, तेच माझं मशीन. शेवटच्या आठवड्यात ताई-दाजी मुक्कामाला आले. दाजींचं सगळं आयुष्य गावरान कोंबड्यांत गेलेलं. पेटी बघितली अन् म्हणाले, "खुडूक कोंबडी घरात बसलीय अन् तू खोक्यात रवण घातलंस व्हय?" (खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, रवण म्हणजे उबवायला घातलेली अंडी.)

२५व्या दिवशी मी एका लग्नाला लातूरला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर बोर्डाची पिन काढलेली, पेटी धुऊन अंगणात उपडी घातलेली. "महिना होत आला की. कोंबडी २१ दिसाच्या वर बसती का कुठं? नासली होती समदी, टाकली उकिरड्यावर." वर लाइटबिल वाचवल्याचं सुख तोंडावर.

टॉर्च घेऊन पळालो. एक अंडं फुटलं होतं. आत तयार पिलू, ओल्या अंगावर तपकिरी पट्टे, तांबूस पाय. तो पाय दोनदा हलला अन् थांबला. दाजींना तिथंच हाक मारून दाखवलं. गप्प. गिनीच्या अंड्याचं कवच दगडासारखं, म्हणून बरीच वाचली. शेणकचऱ्यातून १३ शाबूत सापडली, कोरड्या फडक्यानं पुसून परत पेटीत घातली. २७व्या दिवशी पहाटे पहिल्या अंड्याला टोच पडली, रात्रीपर्यंत ८ पिलं बाहेर. अन् आता दाजी सोयऱ्याधायऱ्यांत काय सांगत फिरतात? "उकिरड्याच्या उबेनं निघाली ती, मशीनचं काय त्यात?"

तर तुमचं. पंख्याचं मशीन असेल तर ३७.५ अंश धरा. शेवटचे ३ दिवस अंडी फिरवू नका, ओलाव्यासाठी आत ठेवलेलं पाणी वाढवा, झाकण उघडू नका. टॉर्च लावून आतलं बघायच्या भानगडीत पडू नका, कवच जाड असल्यानं कोंबडीच्या अंड्यासारखं स्वच्छ दिसत नाही, उगाच शंका येते. आपल्याकडं खरा घात उन्हाळ्यात होतो. हे मशीन अंडी तापवू शकतं, थंड करू शकत नाही. बाहेर ४२ असताना पत्र्याच्या खोलीत बल्ब बंद असला तरी आतला तापमानाचा काटा ४० च्या वर जातो अन् पिलं कवचातच मरतात. माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची गार खोली असेल तर पेटी तिथं हलवा. माझी न फुटलेली ५ दाजींमुळं गेली असं मी म्हणतो, पण त्या आठवड्यात दोन दुपारी काटा वर गेला होता, तेही खरं.

पिलं निघाली की पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर त्यात बुडून मरतात. खाली पेपर अंथरू नका, पाय घसरून फाकतात, गोणपाट बरं.

खुडूक कोंबडीखाली गिनीची अंडी घातली तरी चालतं, १२-१५ अंडी सहज मावतात. फक्त तिची स्वतःची अंडी त्यात मिसळू नका. २१व्या दिवशी आपली पिलं घेऊन ती उठते अन् गिनीची अंडी गार पडतात. दाजींच्या घरी असंच झालं होतं, ते मात्र कुणाला सांगत नाहीत.

मशीन कोणतं म्हणाल तर माझ्याकडं अजून तीच थर्माकोलची पेटी आहे. बोर्डावर फक्त एक लाकडी डबा ठोकलाय, त्याला कुलूप असतं.