एक इंजिन गेलं तर दुसऱ्याचा उपयोग काय?

प्रश्न : माझी मुलगी पायलटचं शिकते, आता दोन इंजिनांच्या विमानावर गेलीय. परवा फोनवर बोलली, बाबा, एक बंद पडलं की चालू असलेलंच जास्त त्रास देतं. तेव्हापासून झोप नाही बगा. मग दुसरं इंजिन असतंय कशाला ओ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काका, पोरगी बरोबर बोलली. बैलजोडीतला एक बैल बसला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी बसलेल्याच्या अंगाला वळते ना, तसंच डावं इंजिन गेलं की विमानाचं नाक डावीकडे फिरतं, मग उजव्या पायाने रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं, दाबून सरळ धरायचं. जो पाय मोकळा त्या बाजूचं इंजिन गेलं, ही खूण पाठच करून घेतात. शिवाय ताकद निम्मी गेली तरी लहान विमानात चढायची क्षमता 80 टक्के किंवा जास्तच जाते, कारण बरीच ताकद नुसतं हवेत टिकायलाच लागते, चढायला उरते ती थोडी. म्हणून वेग सोडायचा नाही. स्पीडच्या डायलवर निळी रेघ असते, एका इंजिनावर चढायचा सगळ्यात चांगला वेग तो. त्याच डायलवरच्या लाल रेघेच्या खाली वेग गेला तर रडर पुरत नाही आणि विमान पालथं होऊ शकतं, तिथे चालू इंजिनचीच पावर कमी करून नाक खाली घालावं लागतं, मनाला पटत नाही पण तेच करायचं.

मला खरी भीती घाईची वाटते. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर 72 या दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाच्या उजव्या इंजिनाची ओढ गेली आणि पायलटने चांगलं चाललेलं डावंच बंद केलं, 43 माणसं गेली. म्हणून संशय असलेल्या इंजिनचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करायचा दांडा, आधी हळू मागे घ्यायचा, काही फरक पडला नाही तरच ते मेलेलं, मगच त्याचा प्रोपेलर फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याला आडवी येत नाहीत.

तुम्ही सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, प्रवासी विमानात बसता त्याचं वेगळं आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून साधारण 2,500 फुटांवर, त्यात एप्रिलचं ऊन, हवा विरळ, पण वजन, तापमान, रनवे धरून हिशोब उड्डाणाआधीच होतो, ठरलेल्या वेगाआधी इंजिन गेलं तर ब्रेक मारून थांबायचं, नंतर गेलं तर एकावर वर जाऊन परत उतरायचं. लहान ट्रेनिंग विमानाला एकावर चढेलच अशी हमी नसते, म्हणून ती टेकऑफआधी रोज मोठ्याने बोलते का, इंजिन कुठं गेलं तर काय करणार, एवढं फोनवर विचारा.