स्त्रीबीज गोठवलं तर गुणसूत्रांची वाटणी चुकते का?

"मॅडम, गोठवून वितळवलेल्या बीजामुळे बाळाला डाऊन सिंड्रोम व्हायचा नाही ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं. वय ३६. हातात लॅबचा कागद: १४ बीजं मिळाली, ११ पक्व, ३ अपक्व.

प्रश्न खुळा नाही. डाऊन सिंड्रोम होतो तो वाटणी चुकून बाळाकडे एक गुणसूत्र (२१ वं) जास्तीचं आल्यानं. गोठवलेल्या बीजातून पहिलं बाळ १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलं, पण त्यानंतरही बरीच वर्षं डॉक्टर मंडळीच याच भीतीनं हात आखडता घेत होती. पक्व बीजातली २३ गुणसूत्रं तुर्कतंतूंवर (हो, शाळेतल्या आकृतीतलेच ते, पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून वाटणारे धागे) रांगेत बसलेली असतात, आणि हे तंतू थंडीत विरघळतात.

आमच्या एम्ब्रियोलॉजिस्टनं (लॅबमध्ये बीजं आणि गर्भ हाताळणारे तज्ज्ञ) मला एकदा स्क्रीनवर हे दाखवलं होतं. ध्रुवित प्रकाशात बीजाच्या कडेला पिंपाच्या आकाराचा एक चिमुकला उजेड असतो, तोच या तंतूंचा जुडगा. वितळवल्यावर तो दिसेना. दोनेक तासांनी पुन्हा उजळला. म्हणूनच लॅबवाले वितळवल्याबरोबर शुक्राणू सोडत नाहीत, थोडं थांबतात. आता झटक्यात गोठवतात, त्यामुळे बर्फाचे स्फटिकही होत नाहीत.

"मग चुका होतात कशानं?"

बहुतेक वेळा वयानं. तुमची बीजं तुमच्या जन्माआधीपासून अर्ध्या विभाजनात थांबलेली आहेत. इतकी वर्षं गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात, मग वाटणीत एखादं इकडचं तिकडे जातं. गोठवल्यानं ही झीज तिथंच थांबते, झालेली मात्र भरून येत नाही.

"म्हणजे आधी यायला हवं होतं." मी हो म्हटलं. खोटा धीर देणं मला जमत नाही.

तिचा जीव त्या ३ अपक्व बीजांत अडकला होता. त्यांची गुणसूत्रं अजून केंद्रकाच्या आवरणात असतात, तंतू तयारच झालेले नसतात. मोडायला काही नाही, म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटतं खरं. पण वितळल्यावर सगळी विभागणी त्यांना लॅबमध्ये पहिल्यापासून करावी लागते, आणि बरीचशी मध्येच अडतात. हिशेब ११ वरच धरा, असं सांगितलं.

निघताना एक गोष्ट आवर्जून लिहून दिली: चाळिशीत या गोठवलेल्या बीजांतून गर्भ राहिला, तर तपासणीच्या वेळी बीज काढलं तेव्हाचं वय ३६ होतं, हे डॉक्टरांना सांगायचं. डाऊनच्या जोखमीचं गणित त्या वयावर मांडतात.