धंदा आणि कुटुंब या दोहोंसाठी एकच पिकअप घ्यायची आहे. हायलक्स घ्यावी की व्ही-क्रॉस?

आपण लिहिले आहे की, आपण घोडबंदर रस्त्यावर राहता, इंटीरियरची कामे घेता, साइटवर 'थोडाफार माल' न्यावा लागतो आणि सुट्टीत कुटुंबाला गावी न्यायचे असते. म्हणून चार दरवाजांची एकच पिकअप घ्यायची आहे आणि टोयोटा हायलक्स व इसुझू व्ही-क्रॉस यांपैकी कोणती घ्यावी, हे आपल्याला ठरवायचे आहे. या प्रश्नातील 'थोडाफार माल' हे दोन शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसलो, कारण 2017 साली आमच्या घरात नेमके हेच दोन शब्द उच्चारले गेले होते आणि त्यांची किंमत आम्ही पुढे बावीस महिने मोजली.

रबाळे एमआयडीसीत आमचा ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचा गाळा आहे. मी आणि माझा मोठा भाऊ मिळून तो चालवतो. तोपर्यंत आम्ही भाड्याच्या टेम्पोने माल पाठवत होतो आणि स्वतःची गाडी घ्यायचे ठरले, तेव्हा दादाचे म्हणणे असे होते की, गाडी घ्यायचीच तर आईलाही बसता येईल अशी घ्यावी; साइटवर काय, थोडाफार माल असतो, तो मागच्या हौद्यात सहज मावेल. माझे म्हणणे होते की, आपल्याला नऊ फुटी हौद्याची, दोन माणसांच्या केबिनची मालवाहू पिकअप हवी. शोरूममध्ये मी खिशातून टेप काढून हौदा मोजायला लागलो, तेव्हा दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "टेप आत ठेव, आपण कपाट घ्यायला आलेलो नाही." मी टेप आत ठेवली. लांबी तेवढी मोजून झाली होती, ती जेमतेम पाच फूट भरली. चाकांच्या कमानींमधील रुंदी मोजायची राहून गेली आणि त्याच दिवशी गाडीची बुकिंगची रक्कम भरली गेली. ती गाडी चांगली होती, म्हणून तिच्या कंपनीचे नाव येथे घेत नाही.

पहिले मोठे काम कासारवडवलीच्या एका इमारतीचे मिळाले. सात बाय पाच फुटांच्या अकरा चौकटी जुळवून तयार होत्या. पाच फुटी हौद्यात सात फुटी चौकट आडवी ठेवता येत नाही, म्हणून त्या केबिनच्या पाठीला टेकवून तिरप्या रचल्या, खालची टोके फाळक्यावरून, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवरून, बाहेर आली, मध्ये गोणपाट घातले, नायलॉनच्या दोरीने आवळले आणि टोकाला लाल फडके बांधले. जुलै महिना होता. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेले होते, तेथून कळवा करत माजिवड्याला पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला आणि कापूरबावडीच्या पुढे खड्ड्यांतून गाडी जाऊ लागली, तेव्हा मागून ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासल्याचा आवाज येत राहिला. मी दोनदा उतरून दोरी आवळली. माल साइटवर उतरवल्यावर तेथील अभियंत्याने एक चौकट जमिनीवर आडवी ठेवून तिचे दोन्ही कर्ण मोजले. दोहोंत नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. चौकट गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, एवढेच तो बोलला आणि पुढची उचलली. अकरांपैकी सहा चौकटींचे कोपऱ्यांचे सांधे उघडले होते. त्या सहाही परत आणून पुन्हा जुळवाव्या लागल्या, बिलाचा तो हप्ता दीड महिना अडकला आणि त्या बिल्डरचे पुढचे काम दुसऱ्याला गेले.

त्या दिवसापासून तयार चौकटी आणि काच आम्ही पुन्हा भाड्याच्या टेम्पोने पाठवू लागलो. माझ्या वहीत नोंदी आहेत: महिन्याला सरासरी अकरा खेपा आणि खेपेला सोळाशे रुपये, म्हणजे 17,600 रुपये. याच्या जोडीला स्वतःच्या गाडीचा हप्ता, विमा आणि डिझेल चालूच होते. बावीस महिन्यांत आई, वहिनी आणि मुले मिळून सगळे त्या गाडीतून माळशेज घाटाने गावी गेले ते नऊ वेळा. एरवी तिच्या हौद्यात बिजागऱ्या, सिलिकॉनच्या नळ्या, ड्रिल मशीन आणि शिडी एवढेच सामान असे. 2019 साली ती गाडी विकली आणि नऊ फुटी हौद्याची बोलेरो पिकअप घेतली. हौद्यात आम्ही काच वाहतात तशी लोखंडी घोडी बसवून घेतली, तिच्यावर चौकटी उभ्या टेकतात आणि रबरी पट्ट्यांनी बांधल्या जातात. तेव्हापासून वाटेत सांधा उघडल्याची एकही तक्रार आलेली नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. हायलक्सचे इंजिन 2.8 लिटरचे असून ते 204 अश्वशक्ती देते, टॉर्क मॅन्युअलमध्ये 420 आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर आहे आणि ती फॉर्च्युनरच्याच घराण्यातील आहे. व्ही-क्रॉसचे इंजिन 1.9 लिटरचे, 163 अश्वशक्तीचे आणि 360 न्यूटन मीटरचे आहे; ती दोन चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळते आणि किमतीत बरीच खाली आहे. चार माणसे आणि थोडे सामान घेऊन माळशेज किंवा कसारा घाट चढायला व्ही-क्रॉसचे इंजिन पुरून उरते. पुनर्विक्रीचा भाव आणि सर्व्हिस सेंटरांचे जाळे या दोन बाबतींत मी टोयोटाच्या बाजूने आहे. दोन्ही गाड्यांना मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, त्यामुळे रिकाम्या असताना मागच्या सीटवर बसलेल्यांना आपल्या रस्त्यांवर दणके बसणारच. चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा घरातील वयस्कर माणसाला मागे बसवा, स्वतः पुढे बसून निर्णय घेऊ नका. दोन्ही गाड्यांची लांबी 5.3 मीटरच्या आसपास आहे. घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांत यांत्रिक पार्किंग असते आणि त्यातील कित्येक पाळण्यांत पाच मीटरहून फारशी लांब गाडी बसत नाही. बुकिंग करण्यापूर्वी आपला पाळणा मोजा.

तथापि माझे स्पष्ट मत असे आहे की, इंटीरियरच्या कामासाठी या दोन गाड्यांची तुलना करणेच चुकीचे आहे. आपल्या धंद्यातील मूळ माप आठ बाय चारच्या प्लायचे आहे. चार दरवाजांच्या पिकअपचा हौदा पाच फुटांच्या आसपास असतो, म्हणजे आठ फुटी प्लाय तीन फूट बाहेर राहणार. शिवाय चाकांच्या कमानींमध्ये चार फुटांची मोकळी रुंदी मिळत नसल्यामुळे ती तळाला सपाट बसणार नाही, कमानींवर टेकून राहील. फाळका उघडा ठेवून लाल फडके बांधण्याचे दिवसही संपले आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये, माल हौद्याच्या मागे, पुढे, बाजूला किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेल्यास 20,000 रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्चही आपल्यालाच करावा लागतो. वजन जास्त झाल्यास 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये, असा दंड आहे.

दुसरी गोष्ट विम्याची आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या विम्यात वापराची मर्यादा छापलेली असते आणि नमुने किंवा स्वतःचे सामान वगळता माल वाहणे तिच्यात बसत नाही. साइटवर प्लाय आणि लॅमिनेट घेऊन जाताना अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम हाच मुद्दा काढणार. दादाने पॉलिसीचे ते पान कधीच वाचले नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही ते गाडी विकताना वाचले. पिवळी पाटी घेतल्यास नवी गाडी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेससाठी न्यावी लागते, हा त्रास आहे. परंतु एकूण भारित वजन (गाडी आणि माल मिळून) 3,000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. म्हणूनच कंपन्यांची कित्येक छोटी मॉडेल्स तीन टनांच्या किंचित खाली ठेवलेली दिसतात. परवान्याचीही भीती बाळगू नका: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती 7,500 किलोपर्यंत एकूण भारित वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकते. मालवाहू वाहनांवरील जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे.

म्हणून तुलना करायचीच असेल, तर बोलेरो मॅक्स पिकअप, टाटा योद्धा, टाटा इंट्रा आणि अशोक लेलँडची बडा दोस्त यांची करा. योद्धा 2.0 दोन टन माल वाहते, इंट्रा व्ही 50 दीड टन. बोलेरो मॅक्समध्ये एक टन तीनशेपासून दोन टनांपर्यंत पर्याय मिळतात आणि मोठ्या मॉडेलला दहा फुटी हौदा येतो. विक्रेता पासिंग किती सांगतो, त्यावर थांबू नका. एकूण भारित वजनातून गाडीचे रिकामे वजन वजा केले की, माल, चालक, हेल्पर आणि नंतर बसवलेला पिंजरा या सर्वांसाठी उरते तेवढेच पासिंग. आमची लोखंडी घोडीच वजनकाट्यावर 84 किलो भरली. ते 84 किलो प्रत्येक खेपेला मालातून कमी होतात. आपल्या पसंतीचे मॉडेल कोणा ओळखीच्याकडून एक दिवस भाड्याने घ्या, आपला नेहमीचा माल भरा, काट्यावर रिकामी आणि भरलेली अशी दोनदा चढवा आणि मुंब्रा बायपासवरून शिळफाट्यापर्यंत फिरवून आणा. पावसात रिकाम्या पिकअपचा मागचा भाग ओल्या काँक्रीटवर सरकतो, तेही तेव्हाच समजेल.

कुटुंबाचे काय, असे आपण विचाराल. दादाही आजपर्यंत तेच विचारतो. तो म्हणतो की, आईला स्वतःच्या गाडीतून माळशेज दाखवला, ही गोष्ट तुझ्या वहीत कोठे लिहिली आहेस? मी ती लिहिलेली नाही, हे खरे आहे; घाटात धबधब्यापाशी गाडी थांबवायला लावून आई काच खाली करून बसून राहिली होती, ते मला आठवते. पण 2019 नंतर गावी जाताना आम्ही दरवेळी चांगली सात आसनी गाडी भाड्याने घेतो, आईला तिच्यात दणके बसत नाहीत आणि वर्षभराचे ते भाडे टेम्पोच्या दोन महिन्यांच्या भाड्याहूनही कमी होते. ही दोन्ही बिले मी एकदा दादासमोर शेजारी शेजारी ठेवली. त्याने ती वाचली आणि विषय बदलला. वर्षाला चार-पाच प्रवासांसाठी रोजच्या धंद्याचा हौदा चार फुटांनी कापून घेऊ नये, हे माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. हायलक्स मी स्वतः एकदाच, एका ग्राहकाची, ऐरोलीपासून वाशीपर्यंत चालवली आहे. तिच्याविषयी माझे मत तेवढ्यापुरतेच धरा. आणि आपला सगळा माल व्यापारी परस्पर साइटवर पोहोचवत असेल, आपल्याबरोबर केवळ हत्यारे, नमुन्यांची पेटी आणि दोन कारागीर जात असतील, तर वर लिहिलेले बहुतेक आपल्याला लागू होत नाही. तसे असेल, तर व्ही-क्रॉस घ्या. हायलक्ससाठी लागणारे वरचे पैसे धंद्यात घाला.

प्रश्नात आपण इंजिन, मायलेज, रंग आणि पुनर्विक्री या सर्वांविषयी लिहिले आहे. मालाविषयी 'थोडाफार' याखेरीज काहीच नाही. गेल्या तीन महिन्यांची डिलिव्हरी चलने काढा. त्यांत सर्वांत लांब वस्तू किती फुटांची होती आणि सर्वांत जड खेप किती किलोंची होती, हे दोन आकडे या उत्तराखाली लिहा, म्हणजे नऊ फुटी हौदा पुरेल की दहा फुटी लागेल, ते मी सांगतो.