वजन वाढवू पाहणाऱ्या नवख्या बास्केटबॉलपटूस
सोळा-सतराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते आणि अंगावर मांस चढत नाही, हे नेहमीचेच आहे. तेव्हा महागड्या प्रोटीन पावडरीच्या डब्यामागे धावण्याआधी तू दिवसभरात प्रत्यक्षात किती खातोस, ते आठवडाभर वहीत लिहून ठेव. शरीर दिवसभरात जेवढे उष्मांक (कॅलरी) खर्च करते त्यापेक्षा रोज ३०० ते ५०० जास्त पोटात गेले, तर आठवड्याला साधारण पाव ते अर्धा किलो वजन वाढते. त्याहून वेगाने वाढले, तर त्यात चरबीच अधिक असते. प्रथिने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम पुरतात, आणि अंडी, दूध, पनीर, मटकीची उसळ व सोयाबीन यांतून ती मिळवता येतात. (सरावानंतर दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे यांना माझ्या मते तोड नाही.)

जिममध्ये आठवड्यातून दोन-तीन दिवस स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहणे), पुल-अप आणि पुश-अप एवढे पुरे. स्क्वॉट करताना टाचा उचलल्या जात असतील किंवा गुडघे आत वळत असतील, तर बारवर वजन वाढवू नकोस, कारण रिबाउंड (बास्केट हुकून परत आलेला चेंडू) घेऊन जमिनीवर उतरताना गुडघा असाच आत वळला, तर लिगामेंट (सांध्यातली हाडे जोडणारा पट्टा) फाटण्याचा धोका असतो. सामन्याच्या आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम टाळ, आणि झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नकोस.